वडील बंधु : लेफ्टनंट जोसेफ केनेडी यांचें चरित्रस्मरण

ज्युबिलीचा सोहळा आनंदाचा खरा. परंतु ज्या धर्मग्रामानें आपल्या मृतांचें स्मरण ठेविलें नाहीं, त्याचा आनंद अपुराच म्हटला पाहिजे. या पुस्तिकेच्या इतर पानांवर देवळाचा पाया घालणाऱ्यांचीं, घंटा बसविणाऱ्यांचीं व शाळा चालविणाऱ्यांचीं नांवें वाचकांस आढळतील. त्यांतील बहुतेक मंडळी आपलें काम पुरें करून, नातवंडांचीं तोंडें पाहून प्रभूकडे गेली. परंतु कित्येक घरांत दुसरेंहि एक नांव असतें, तें ऐन उमेदींत गेलेल्या मुलाचें. त्याची तसबीर भिंतीवर असते, त्याच्या नांवानें दर वर्षीं मिस्सा सांगितली जाते, आणि त्याच्या आईबापांनीं आम्हां धर्मगुरूंस एकदां तरी विचारिलेलें असतें कीं, त्याचें असें जाणें कशासाठीं झालें.

या प्रश्नाला तयार उत्तर देण्याचें धाडस आम्ही करीत नाहीं. त्याऐवजीं एका कॅथॉलिक कुटुंबांतील थोरल्या मुलाची हकीकत येथें सांगावी असें आम्हांस वाटतें. कुटुंब अमेरिकेंतलें आहे, आणि त्याचें नांव आपल्याकडेहि सर्वांच्या ओळखीचें आहे. राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांचें चित्र आमच्या लहानपणीं कित्येक ख्रिस्ती घरांत लावलेलें होतें. परंतु ज्या जागेवर जॉन बसले, ती जागा घरच्यांनीं मुळांत त्यांच्यासाठीं राखून ठेविलेली नव्हती. ती त्यांच्या वडील बंधूची होती. तो बंधु म्हणजे लेफ्टनंट जोसेफ केनेडी. १९४४ सालीं, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षीं, तो विमानाच्या स्फोटांत मरण पावला.

केनेडी घराणें मूळचें आयर्लंडच्या वेक्सफर्ड परगण्यांतलें. गेल्याच्या आधींच्या शतकांत तेथें बटाट्याचें पीक नासून मोठा दुष्काळ पडला, व लक्षावधि माणसांनीं देश सोडिला. त्यांतच जोसेफचे पणजोबा पॅट्रिक हे बोस्टन शहरीं आले आणि लांकडी पिंपें बनविण्याच्या धंद्यावर पोट भरूं लागले. बोस्टनच्या जुन्या प्रतिष्ठित घराण्यांत आयरिश कॅथॉलिकांस मान नव्हता. परंतु दोन पिढ्यांत या घराण्यानें हात-पाय पसरले. जोसेफचे वडील, त्यांचेंहि नांव जोसेफच, पेढीच्या व इतर व्यापारांत मोठे धनाढ्य झाले. त्याची आई रोझ ही बोस्टनचे मेयर जॉन फिट्झजेराल्ड यांची कन्या, नित्य मिस्सेला जाणारी व मुलांना लहानपणापासून देवळाची वाट दाखविणारी. या दांपत्यास चार मुलगे व पांच मुली झाल्या. त्यांतील सर्वांत थोरला जोसेफ, त्याचा जन्म २५ जुलै १९१५ रोजीं समुद्रकांठच्या हल या गांवीं झाला.

ज्या घरांत नऊ भावंडें असतात, त्या घरांत थोरल्याचें बालपण लौकर संपतें, हें आपल्या वाचकांस सांगावयास नको. वडील व्यापारानिमित्त वारंवार परगांवीं असत. तेव्हां धाकट्यांना पोहावयास शिकविणें, शिडाची होडी चालवावयास शिकविणें, त्यांची शिस्त पाहणें, हें सारें जोसेफकडे आलें. तो अंगानें धट्टाकट्टा, हंसतमुख, खेळांत पुढें, आणि रागहि लवकर येणारा असा होता. दोन वर्षांनीं धाकटा असलेला जॉन प्रकृतीनें नाजूक, परंतु माघार न घेणारा. त्यामुळें त्या दोघां भावांत सतत चढाओढ चाले. तिसरें अपत्य रोझमेरी. ही मुलगी बुद्धीनें मंद होती. इतर भावंडें तिला आपल्या खेळांत व समारंभांत बरोबर नेत असत.

वडिलांनीं या थोरल्या मुलासंबंधीं एक मोठा बेत मनाशीं बांधिला होता. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदावर तोंपर्यंत एकहि कॅथॉलिक मनुष्य बसला नव्हता. १९२८ सालीं ॲल स्मिथ हे कॅथॉलिक गृहस्थ त्या निवडणुकीस उभे राहिले व पराभूत झाले. त्यांच्या धर्माविरुद्ध त्या वेळीं उघड उघड प्रचार झाला. जें स्मिथ यांस साधलें नाहीं तें आपला जोसेफ साधील, अशी बापाची उमेद होती. आणि मुलालाहि ती मान्य होती. मोठेपणीं आपण राष्ट्राध्यक्ष होणार, ही गोष्ट तो मित्रांत मोकळेपणानें बोलून दाखवीत असे.

शिक्षणांत त्याला कांहीं कमी पडलें नाहीं. चोट येथील शाळा १९३३ सालीं संपवून तो एक वर्ष लंडनला प्राध्यापक हॅरल्ड लास्की यांच्या हाताखालीं शिकला; नंतर हार्वर्ड विद्यापीठांतून १९३८ सालीं पदवीधर झाला व कायद्याच्या अभ्यासास लागला. या काळांतील एक गोष्ट चरित्रकारानें झांकून ठेवूं नये. १९३४ सालीं जर्मनीचा प्रवास करीत असतां तेथील नव्या नाझी राजवटीच्या शिस्तीनें तो भारला गेला, आणि त्या राजवटीची भलामण करणारें पत्र त्यानें वडिलांस लिहिलें. त्या वेळीं तो अठरा वर्षांचा होता. वय लहान म्हणून चूक ही चूक नव्हती असें आम्ही म्हणत नाहीं. ज्या राजवटीची त्यानें स्तुति केली, तिच्याशीं लढतांनाच पुढें दहा वर्षांनीं त्याचा देह पडला, एवढेंच येथें नमूद करितों.

त्याच्या स्वभावाची दुसरी बाजू १९४० सालीं दिसून आली. शिकागो येथें डेमोक्रॅटिक पक्षाची मोठी सभा भरली होती व जोसेफ हा तेथें एक प्रतिनिधि होता. जेम्स फार्ली यांना मत देण्याचें वचन त्यानें दिलें होतें. सभेचा सारा कल राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्याकडे होता, आणि जोसेफचे वडील त्या वेळीं रूझवेल्ट यांनींच नेमिलेले इंग्लंडमधील वकील होते. मत फिरवावें म्हणून पुढाऱ्यांनीं त्याच्यावर पुष्कळ दडपण आणिलें. चोवीस वर्षांचा तो तरुण बधला नाहीं. दिलेलें वचन मोडावयाचें नाहीं म्हणून त्यानें आपलें मत फार्ली यांच्याच पारड्यांत टाकिलें.

तेव्हां युरोपांत महायुद्ध पेटलें होतें. अमेरिकेनें त्यांत पडूं नये असें जोसेफच्या वडिलांचें ठाम मत होतें, व हार्वर्डमध्यें जोसेफहि तेंच मत मांडीत असे. असें असूनहि १९४१ च्या जून महिन्यांत, म्हणजे पर्ल हार्बरवर हल्ला होण्याच्या जवळजवळ सहा महिने आधीं, कायद्याचा शेवटचा वर्ग बाजूला ठेवून तो आपण होऊन नौदलाच्या राखीव तुकडींत दाखल झाला. युद्ध टळावें असें त्याला वाटत होतें; परंतु तें आलेंच तर आपल्याऐवजीं दुसऱ्याच्या मुलानें जावें, असें त्याला वाटत नव्हतें. १९४२ च्या मे महिन्यांत त्याला वैमानिकाचें चिन्ह व अधिकारपद मिळालें.

१९४३ च्या सप्टेंबरांत त्याची तुकडी इंग्लंडांत गेली. डेव्हन प्रांतांतील डंक्सवेल येथें तिचा तळ होता. चार इंजिनांचीं अवजड लिबरेटर विमानें घेऊन बिस्केच्या उपसागरावर जावयाचें आणि जर्मन पाणबुड्यांचा शोध घ्यावयाचा, हें काम. एकेक फेरी दहा-बारा तासांची. खालीं थंड समुद्र, वर ढग, आणि त्या ढगांआडून केव्हां शत्रूचीं विमानें येतील याचा नेम नाहीं. पुष्कळ सोबती परत आले नाहींत. याच्या कांहीं आठवडे आधीं, १९४३ च्या ऑगस्टांत, धाकटा जॉन पॅसिफिक महासागरांत आपली होडी शत्रूनें कापली असतां सोबत्यांस वाचवून नांवाजला गेला होता. चढाओढींत नेहमीं पुढें असलेल्या थोरल्या भावाला ही बातमी किती अभिमानाची व किती बोंचणारी वाटली असेल, हें ज्यांना भाऊ आहेत त्यांनीं ताडावें.

इंग्लंडांतील मुक्कामांत एक कौटुंबिक प्रसंग उद्भवला. बहीण कॅथलीन हिनें विल्यम कॅव्हेंडिश या अँग्लिकन पंथाच्या सरदारपुत्राशीं विवाह करावयाचें ठरविलें. दोन्ही घराण्यांस आपापला धर्म प्रिय; मुलांचा धर्म कोणता यावर तोड निघेना. अखेर ६ मे १९४४ रोजीं लंडनमधील नोंदणी-कचेरींत तें लग्न लागलें. ख्रिस्तसभेच्या नियमांप्रमाणें तो विवाहसंस्कार ठरत नव्हता, आणि आई रोझ दुःखानें खचून गेली. धर्मगुरु या नात्यानें आम्हांस त्या आईचें दुःख समजतें. परंतु त्या दिवशीं त्या मुलीच्या बाजूला माहेरचें एकच माणूस उभें होतें, आणि तें म्हणजे जोसेफ. त्यानें आपला धर्म सोडिला नाहीं आणि बहिणीलाहि एकटें सोडिलें नाहीं. आईचा रोष होईल हें जाणून तो गेला. थोरल्या भावाचें कर्तव्य कधीं कधीं असें दोहों बाजूंनीं कापणारें असतें.

त्याच सुमारास त्याच्या ठरलेल्या फेऱ्या पूर्ण झाल्या. आतां त्याला घरीं जाण्याचा हक्क होता. परंतु फ्रान्सच्या किनाऱ्यावर दोस्त सैन्य उतरण्याची वेळ जवळ आली होती. म्हणून तो थांबला, व ६ जून १९४४ नंतरच्या दिवसांतहि खाडीवर पहारा करीत राहिला. पुढें जुलै महिन्यांत एका गुप्त व अति धोक्याच्या कामासाठीं स्वेच्छेनें येणारे वैमानिक पाहिजेत, असें विचारण्यांत आलें. जोसेफनें आपलें नांव दिलें.

तें काम असें होतें. जुनें बाँबफेकी विमान घेऊन त्यांतील तोफा व इतर सामान काढून टाकावयाचें आणि त्यांत स्फोटक द्रव्य ठासून भरावयाचें. तें विमान आकाशांत न्यावयास मात्र माणसें लागत. दोघां वैमानिकांनीं तें सुमारें २,००० फूट उंचीवर न्यावें, मागून येणाऱ्या दुसऱ्या विमानानें बिनतारी यंत्रानें त्याचा ताबा घ्यावा, दोघांनीं स्फोटकाची कळ सज्ज करावी व इंग्लंडच्या किनाऱ्याआधींच हवाई छत्रीनें खालीं उडी घ्यावी. पुढें तें निर्मनुष्य विमान शत्रूच्या ठाण्यावर नेऊन आदळावें. आधीं भूदलाच्या वैमानिकांनीं ४ ऑगस्ट रोजीं असेच प्रयत्न केले होते. ते साधले नाहींत, आणि त्यांत एक वैमानिक प्राणास मुकला.

नौदलाचें लक्ष्य उत्तर फ्रान्समधील मिमोयेक हें ठिकाण होतें. तेथें जर्मनांनीं टेकडीच्या पोटांत मोठें बांधकाम चालविलें होतें. सुमारें १६५ किलोमीटरांवरील लंडनवर मारा करील अशा प्रचंड लांबीच्या तोफा तेथें बसवावयाच्या होत्या. जूनच्या मध्यापासून लंडनवर उडते बाँब पडतच होते. अशा वेळीं तें ठाणें नष्ट करणें अगत्याचें वाटावें यांत नवल नाहीं.

१२ ऑगस्ट १९४४, शनिवार. सायंकाळीं सहाच्या सुमारास नॉर्फक प्रांतांतील फर्सफील्ड येथून जोसेफचें विमान उडालें. त्यांत सुमारें २१,००० पौंड, म्हणजे ९,५०० किलो टॉर्पेक्स नांवाचें स्फोटक होतें. जोसेफच्या बरोबर लेफ्टनंट विल्फर्ड विली हा टेक्सासचा अधिकारी होता. मूळ योजनेंत दुसराच एक तरुण अधिकारी जावयाचा होता. परंतु विलीनें वरिष्ठ या नात्यानें ती जागा स्वतः घेतली. उड्डाण ठीक झालें, उंची गांठली, ताबा घेणाऱ्या विमानानें ताबाहि घेतला. छत्रीनें उडी घेण्यास कांहीं मिनिटेंच उरलीं होतीं. तेवढ्यांत सफक प्रांतांतील ब्लायबरो गांवाजवळ, साडेसहाचा ठोका पडण्यापूर्वीं, त्या विमानाचा आकाशांतच स्फोट झाला. खालच्या वस्तींतील कित्येक घरांचें नुकसान झालें. दोघांच्या देहांचा अंशहि हातीं लागला नाहीं. विजेच्या जोडणींत दोष असावा असा तर्क झाला. परंतु खरें कारण शेवटपर्यंत निश्चित झालें नाहीं.

दुसरा दिवस रविवार. मॅसॅच्युसेट्समधील हायनिस पोर्ट येथें केनेडी मंडळी दुपारचें जेवण आटोपून बसली होती, आणि वडील वरच्या खोलींत विश्रांति घेत होते. इतक्यांत दोन धर्मगुरु दाराशीं आले. आमच्यावर हा प्रसंग आयुष्यांत अनेकदां आलेला आहे. आणि ज्या दारावर आपण बातमी घेऊन उभे आहों, तें उघडूं नये असें त्या क्षणीं मनांत येतें, हें आम्ही अनुभवानें लिहितों. रोझनें वर जाऊन पतीस उठविलें. त्या धर्मगुरूंचें बोलणें ऐकून घेतल्यावर वडिलांनीं मुलांस एकत्र बोलावून त्यांचा थोरला भाऊ गेल्याचें सांगितलें, त्यांस धीर दिला, आणि मग आपल्या खोलींत जाऊन दार लावून घेतलें. त्या मुलाविषयीं बोलणें त्यांना पुढें वर्षानुवर्षें जमत नसे.

आतां या हकीकतींतील सर्वांत कठीण भाग सांगतों. १९४४ च्या सप्टेंबरच्या आरंभीं कॅनडाच्या सैन्यानें मिमोयेक ताब्यांत घेतलें. तेव्हां कळून आलें कीं, ६ जुलै रोजीं इंग्लंडच्या विमानांनीं टाकिलेल्या १२,००० पौंडी बाँबांनीं तें ठाणें आधींच निकामी झालें होतें व तेथील काम सोडून दिलेलें होतें. म्हणजे जोसेफ व विली ज्या तोफांसाठीं गेले, त्या तोफा लंडनवर कधींच धडाडणार नव्हत्या. तें विमान ठरल्याप्रमाणें जाऊन आदळतें, तरी युद्धाच्या निकालांत कांहीं फरक पडता ना.

मग तें मरण व्यर्थ गेलें काय? आईबाप आम्हांस विचारतात तो प्रश्न हाच. लोक त्याला दोन प्रकारें उत्तर देतात, आणि आम्हांस दोन्हीं पटत नाहींत. कोणी म्हणतात, भावाच्या कीर्तीच्या ईर्षेनें तो गेला. त्यानें हकनाक जीव घातला. ईर्षा मुळींच नव्हती असें कोण म्हणेल? मनुष्याच्या सत्कृत्यांत थोडी माती मिसळलेलीच असते, आणि ती चाळून वेगळी करणें हें आपलें काम नव्हे. दुसरे म्हणतात, तो गेला म्हणूनच पुढें जॉन राष्ट्राध्यक्ष झाले, तेव्हां सारें ईश्वरी योजनेप्रमाणेंच झालें. एका मुलाचा मृत्यु हा दुसऱ्याच्या चढण्याची पायरी, असा हिशेब परमेश्वराच्या नांवावर मांडण्याची आम्हांस भीति वाटते. त्या बापालाच विचारिलें असतें तर त्यानें तो सौदा पतकरला नसता.

पुढें काय घडलें तें मात्र सांगितलें पाहिजे. जोसेफला मरणोत्तर नेव्ही क्रॉस हें पदक मिळालें. जॉननें भावाच्या आठवणी जमवून १९४५ सालीं घरच्यांपुरतें एक पुस्तक छापून घेतलें. १९४६ सालीं तो निवडणुकीस उभा राहून अमेरिकेच्या कायदेमंडळांत गेला, आणि १९६० सालीं पहिला कॅथॉलिक राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आला. जोसेफच्या नांवाची एक विनाशिका १९४५ च्या जुलैंत पाण्यांत सोडण्यांत आली. बंधु रॉबर्ट यानें १९४६ सालीं तिच्यावर साध्या खलाशाचें काम केलें. १९६२ च्या ऑक्टोबरांत क्यूबावरून जग अणुयुद्धाच्या उंबरठ्यावर आलें असतां, वेढ्याच्या ठिकाणीं जहाजाची झडती घेण्यास जीं जहाजें पुढें झालीं, त्यांत ही विनाशिका होती. ती झडती शांततेनें पार पडली. आज तें जहाज मॅसॅच्युसेट्समध्यें फॉल रिव्हर येथें लोकांस पाहण्यासाठीं ठेविलेलें आहे.

परंतु आमच्या मतें त्याचें खरें स्मारक निराळें आहे. वडिलांनीं १९४६ सालीं त्याच्या नांवानें एक धर्मादाय निधि स्थापन केला. त्याच्या आरंभींच्या दानांतून बोस्टनच्या ब्रायटन भागांत आजारी मुलांसाठीं रुग्णालय उभें राहिलें, आणि तें चालविण्यास ज्या धर्मभगिनी आल्या त्या फ्रान्सिस्कन मिशनरीज ऑफ मेरी या संघाच्या होत. या संघाची स्थापना १८७७ सालीं आपल्या भारतांत, उटकमंड येथें झालेली आहे. पुढें बहीण यूनिस हिनें त्या निधीची सारी शक्ति मंदबुद्धि मुलांच्या सेवेस लाविली. घरांत रोझमेरी होती. १९४१ सालीं तिच्या मेंदूवर केलेली शस्त्रक्रिया बिघडून ती कायमची परावलंबी झाली होती. त्या सेवेंतूनच २० जुलै १९६८ रोजीं शिकागो येथें अशा मुलांचे पहिले स्पेशल ऑलिंपिक खेळ भरले. आज ते आपल्या देशांतहि भरतात. ज्या मुलाला राष्ट्राचा पुढारी व्हावयाचें होतें, त्याचें नांव ज्यांना समाजानें मोजलें नाहीं अशा मुलांच्या कामीं आलें. हें त्यानें योजिलें नव्हतें. त्याच्या वडिलांनींहि आरंभीं योजिलें नव्हतें.

त्या घराचें दुःख तेवढ्यानें संपलें नाहीं. कॅथलीनचा पति दुसऱ्याच महिन्यांत बेल्जममध्यें लढतांना पडला. ती स्वतः १९४८ सालीं फ्रान्समध्यें विमान-अपघातांत गेली. १९६३ सालीं जॉन यांचा व १९६८ सालीं रॉबर्ट यांचा खून झाला. १९६९ सालीं वडील वारले तेव्हां चार मुलग्यांपैकीं एकच मागें होता. आई रोझ १०४ वर्षें जगली, आणि तिची मिस्सा व रोझरी सुटली नाहीं. तिला सगळीं उत्तरें मिळालीं होतीं असें आम्हांस वाटत नाहीं. उत्तरांवांचूनहि ती वेदीकडे जात राहिली.

शेवटीं एक विनंति. इंग्लंडांत केंब्रिजजवळ मॅडिंग्ले येथें अमेरिकन सैनिकांचें स्मशान आहे. तेथील लांबलचक भिंतीवर, ज्यांचे देह सांपडले नाहींत अशा ५,१२७ जणांचीं नांवें कोरलेलीं आहेत. त्यांत धनाढ्याच्या मुलाचें नांव आहे, आणि विल्फर्ड विली याचेंहि आहे. विली पस्तीस वर्षांचा, तीन मुलांचा बाप होता. त्याच्या नांवाचें जहाज समुद्रावर गेलें नाहीं, त्याचा भाऊ राष्ट्राध्यक्ष झाला नाहीं. त्याच्या मुलांनीं बापावांचून दिवस काढिले. दोघेहि एकाच विमानांत, एकाच क्षणीं गेले, आणि त्या भिंतीवर दोघांचीं अक्षरें सारख्याच मापाचीं आहेत.

ज्युबिलीच्या मिस्सेंत मृतांचें स्मरण करतांना आपल्या धर्मग्रामांतील अशाहि मुलांचीं नांवें घ्यावीं, ज्यांच्या नांवानें कोणी देणगी दिली नाहीं व ज्यांचें नांव कोणत्याहि फरशीवर कोरलेलें नाहीं. त्यांच्या आईबापांपैकीं जीं अजून हयात आहेत, त्यांच्या घरीं या वर्षांत एकदां तरी जावें. त्यांना समजावयाचें कांहीं नसलें तरी थोडा वेळ बसावें, आणि तो मुलगा कसा होता हें त्यांना सांगूं द्यावें. लेफ्टनंट जोसेफ, लेफ्टनंट विल्फर्ड, आणि आपलीं अकालीं गेलेलीं सर्व लेंकरें यांच्या आत्म्यांस परमेश्वर चिरशांति देवो.